कात्रणांचं शहर

इमारत पडते, तिचं छायाचित्र कुणाच्या तरी ट्रंकेत उरतं. जर्मनीत वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत शिकणाऱ्या पॉल सिट्रून यांनी १९२३ मध्ये इमारतींची पोस्टकार्डं, वर्तमानपत्रांतली छायाचित्रं कापून एका कागदावर चिकटवली. नाव दिलं ‘मेट्रोपोलिस’. त्यात इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. माणसानं पाय कुठं ठेवावा, असा प्रश्न पडतो. तेव्हा ती नव्या महानगराच्या दाटीची गोष्ट होती. पुढं महायुद्ध आलं. १९४० मध्ये बॉम्बवर्षावानं रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख झाला, नंतर युरोपातली कितीतरी शहरं. आता लायडन विद्यापीठाच्या संग्रहातलं हे कोलाज पाहताना वाटतं, दगडापेक्षा कागद चिवट निघाला. म्हणून सांगतो, जुन्या वाड्याचा फोटो रद्दीत घालू नका. उद्या साक्ष द्यायला तोच उरेल.