धावपट्टीची निगा : विमानतळाचा खरा पाया

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातले तेलगाव साखर कारखान्यासाठी ओळखले जाते. गळीत हंगामात उसाने लादलेली वाहने दिवसरात्र धावू लागली, की डांबरी रस्त्याला आधी बारीक भेगा, मग चाकोऱ्या आणि पुढच्या पावसाळ्यात खड्डे कसे पडतात, हे येथील रहिवाशांना वेगळे सांगावे लागत नाही. विमानतळाची धावपट्टीही मूलतः याच नियमांनी झिजते. मात्र रस्त्यावरचा खड्डा वाहनचालक चुकवू शकतो. ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या विमानाला ती सोय नसते.

बीड जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथेच जावे लागते. त्यामुळे मराठवाड्यात नव्या विमानतळांची मागणी वारंवार होते आणि ती स्वाभाविकही आहे. परंतु धावपट्टी बांधणे हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. तिची निगा राखण्याचे काम पहिल्या दिवसापासून सुरू होते आणि विमानतळ असेपर्यंत संपत नाही.

भार आणि भूमी

मुंबई-दिल्लीसारख्या मार्गांवर धावणाऱ्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ७८ टन असते. त्यातील ९५ टक्क्यांच्या आसपास भार चार मुख्य चाकांवर येतो. म्हणजे एकेका चाकाखाली १८ टनांहून अधिक. आपल्याकडे मालमोटारीच्या चार टायर असलेल्या एका आसावर २०१८ पासून ११.५ टनांची मर्यादा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा भार किती मोठा आहे याची कल्पना येते. रस्त्यांच्या अभ्यासातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पटींनी वाढते.

हा भार डांबराचा वरचा थर एकटा पेलत नाही. त्याखाली खडीचे आणि मुरमाचे थर असतात आणि सर्वांत खाली मूळ जमीन. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती काढून टाकणे, चुना मिसळून स्थिर करणे किंवा पुरेशा जाडीच्या मुरमाखाली दाबणे, यांपैकी काही केले नाही तर वरचे काम कितीही उत्तम असले तरी पृष्ठभाग उंचसखल होतो. धावपट्टीच्या कडेचे पाण्याचे चर मोकळे ठेवणे हे म्हणूनच दुरुस्तीतले पहिले काम समजले जाते.

कोणत्या धावपट्टीवर किती वजनाचे विमान उतरू शकते, हे सांगण्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रमाणित पद्धत घालून दिली आहे. २८ नोव्हेंबर २०२४ पासून जुन्या वर्गीकरणाच्या जागी नवी पद्धत लागू झाली. तिच्यात धावपट्टीची ताकद एका अंकाने दर्शवितात. जोडीला थर डांबरी आहे की काँक्रीटचा, खालची जमीन चार वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडते आणि टायरचा किती दाब चालेल, हेही नमूद करतात. विमानाचा अंक धावपट्टीच्या अंकाहून मोठा असेल, तर ते विमान तेथे नियमितपणे उतरविता येत नाही.

पाणी आणि रबर

विमान टेकते त्या क्षणी त्याची चाके स्थिर असतात. धावपट्टीला स्पर्श होताच ती क्षणार्धात गरगरू लागतात, घर्षणाने टायर तापतो आणि त्याचे रबर वितळून पृष्ठभागाला चिकटते. हजारो विमाने उतरली, की टेकण्याच्या जागी रबराचा काळा, गुळगुळीत थर बसतो. कोरड्या दिवसांत तो फारसा जाणवत नाही; पावसात मात्र तोच घातक ठरतो.

ओल्या पृष्ठभागावर वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की टायर आणि धावपट्टी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा राहतो आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून ही मर्यादा टायरमधील हवेच्या दाबावर अवलंबून असल्याचे दिसून आले. मोठ्या प्रवासी विमानाच्या टायरमध्ये मोटारीच्या सुमारे सहापट दाब असतो. त्या हिशेबाने ही मर्यादा ताशी साधारण २३५ किलोमीटर येते, म्हणजे उतरण्याच्या वेगाच्या अगदी जवळ.

यावर तीन उपाय केले जातात. धावपट्टी मध्यभागी किंचित उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतार देतात. पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडतात. अमेरिकी मानकानुसार त्या सुमारे ६ मिलिमीटर रुंद, तितक्याच खोल आणि ३८ मिलिमीटर अंतरावर असतात. तिसरा उपाय म्हणजे उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने किंवा रसायनांनी रबर खरवडून काढणे. ते केव्हा काढायचे, हे घर्षण मोजणाऱ्या वाहनाच्या नोंदींवरून ठरते.

मुंबई आणि पुण्याचा अनुभव

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटर लांब व ६० मीटर रुंद असून दुसरी २,८७१ मीटर लांब व ४५ मीटर रुंद आहे. दोन्ही एकमेकींना छेदतात. छेदाची जागा उखडली तर दोन्ही धावपट्ट्या एकाच वेळी बंद ठेवाव्या लागतात. ७ फेब्रुवारी ते ३० मार्च २०१९ या काळात हेच घडले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत छेदाच्या दुरुस्तीसाठी विमानतळ बंद ठेवण्यात आला. केवळ होळीच्या सुमारास २१ मार्चचा दिवस वगळला होता. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठीही दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सहा तास बंद ठेवल्या जातात. ९ मे २०२४ आणि ८ मे २०२५ हे असे अलीकडचे दिवस.

२१ जुलै २०२५ रोजी जोरदार पावसात कोचीहून आलेले विमान उतरताना मुख्य धावपट्टीबाहेर गेले आणि धावपट्टीचे किरकोळ नुकसान झाले. दुसरी धावपट्टी वापरात आणून वाहतूक चालू ठेवता आली.

पुण्याला ही सवलत नाही. हवाई दलाच्या लोहगाव तळावरील एकाच धावपट्टीवर तेथील प्रवासी वाहतूक चालते. २६ ऑक्टोबर २०२० पासून वर्षभरासाठी रात्री ८ ते सकाळी ८ उड्डाणे थांबवून तिचे नूतनीकरण हाती घेण्यात आले आणि अखेरच्या टप्प्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला.

रात्रीपुरती बंदी ठेवून काम करणे सोपे नसते. जुना थर खरवडणे, जागा झाडून स्वच्छ करणे, गरम डांबरमिश्रित खडी पसरून ती थंड होण्याआधी रोलरने दाबणे, दिवे व पांढरे पट्टे पूर्ववत करणे, हे सर्व पहाटेपर्यंत आटोपावे लागते. जेथे काम थांबते तेथे तात्पुरता उतार करून द्यावा लागतो, अन्यथा नव्या-जुन्या थरांमधील पायरीचा धक्का सकाळच्या पहिल्या विमानाला बसतो. शेवटी एकही खडा मागे राहिलेला नाही याची खात्री करून घ्यावी लागते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कोसळलेल्या काँकॉर्ड विमानाचा टायर दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या पट्टीमुळे फुटला होता. त्या अपघातात ११३ जणांचा बळी गेला. मोठ्या धावपट्ट्यांची दिवसातून किमान दोनदा पाहणी व्हावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे तो यासाठीच.

लहान विमानतळांपुढचा प्रश्न

विमानतळाच्या फरसबंदीची प्रकृती शून्य ते शंभर गुणांच्या निर्देशांकाने मोजतात. भेगा, चाकोऱ्या आणि सुटलेली खडी यांची पाहणी करून गुण दिले जातात. पहिली काही वर्षे हे गुण हळूहळू उतरतात; एका टप्प्यानंतर मात्र घसरण वेगाने होते. भेगा वेळीच बुजविल्या तर काम थोडक्यात भागते. पाणी खालच्या थरांत मुरल्यावर केवळ वरचा थर बदलून चालत नाही.

येथेच लहान विमानतळांची अडचण सुरू होते. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील पहिल्या मार्गांमध्ये नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश होता. ती सेवा देणाऱ्या कंपनीची उड्डाणे पुढे २०२२ मध्ये थांबली. अमरावतीत १८५० मीटरच्या धावपट्टीवरून १६ एप्रिल २०२५ रोजी नियमित सेवा सुरू झाली. तेथे उतरणारे एटीआर-७२ जातीचे विमान भरल्यावर सुमारे २३ टनांचेच असते. हलकी विमाने धावपट्टीला कमी झिजवितात हे खरे. तथापि विमाने आली नाहीत म्हणून डांबराचे वय वाढायचे थांबत नाही. उन्हाने आणि हवेतील प्राणवायूने ते कडक व ठिसूळ होते, भेगांतून गवत उगवते, पावसाचे पाणी मातीपर्यंत पोहोचते. मोठ्या विमानतळाला हा खर्च उतरणाऱ्या विमानांच्या शुल्कातून भागविता येतो. दिवसाकाठी एखादेच विमान येणाऱ्या ठिकाणी तो कोणी करायचा, हे आधीच ठरलेले असावे लागते.

म्हणून नवा विमानतळ मागताना धावपट्टीच्या लांबीइतकीच चौकशी तिच्या वार्षिक पाहणीची, चरांची आणि पुढच्या डांबरीकरणासाठी राखलेल्या निधीची व्हायला हवी. उद्घाटनाचा दिवस एकच असतो. पावसाळा मात्र दरवर्षी येतो.