कुलकर्णी, श्रीनिवास रामचंद्र
कुलकर्णी, श्रीनिवास रामचंद्र : (४ ऑक्टोबर १९५६ – ). भारतीय वंशाचे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ. जन्म कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) येथे. पीएच.डी. बर्कली (१९८३). विद्यार्थिदशेतच, १९८२ मध्ये, डोनाल्ड बॅकर यांच्यासोबत पहिला मिलिसेकंद स्पंदक शोधला. तो सेकंदाला सुमारे ६४२ गिरक्या घेतो. १९९५ मध्ये ग्लीझ २२९ बी या तपकिरी खुजा ताऱ्याच्या वर्णपटात त्यांच्या गटाला मिथेन सापडला. नेहमीच्या ताऱ्याच्या तप्त वातावरणात मिथेन टिकतच नाही, त्यामुळे ग्लीझ २२९ बी हा नेहमीचा तारा नाही, याबद्दल शंकेला जागा उरली नाही. मात्र त्यांचे सर्वांत मोलाचे काम १९९७ चे : ८ मेच्या गॅमा किरण स्फोटानंतर मंदावत चाललेल्या प्रकाशाचा केक दुर्बिणीतून वर्णपट घेऊन, हा स्फोट आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडचा असल्याचे कॅलटेकमधील या गटाने दाखवले. पुढे पालोमार वेधशाळेतील झ्विकी सर्वेक्षण त्यांनी उभारले. २०२४ चे खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक त्यांना मिळाले.