खाणावळीचे दार



कॅनडात मुला-नातवंडांकडे गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना एखाद्या रविवारी गावाबाहेरच्या जुन्या 'कंट्री इन'मध्ये जेवायला नेतात. आपल्याकडची धर्मशाळा आणि घरगुती खाणावळ यांचा तो मिलाफ समजावा: राहायला खोल्या, शेकोटीपाशी जेवणाची टेबले आणि देखरेखीला घरचीच माणसे. क्वेबेक प्रांतात नॉर्थ हॅटली येथील 'होवी मॅनर' हे असेच एक नावाजलेले ठिकाण. अमेरिकेतील अटलांटाच्या हेन्री ॲटकिन्सन यांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी 1900 साली ते घर तलावाकाठी बांधले. 1950 मध्ये तेथे इन सुरू झाले आणि 1979 पासून एका कुटुंबाने ते सांभाळले. कश्रुथ पाळणाऱ्या आपल्या माणसाने अशा ठिकाणी भाजी, फळे आणि चहा यांवर भागवावे, पण बसायला खुर्ची मात्र मिळतेच.

ही खुर्ची पूर्वी सर्वांना मिळत नव्हती. 1930 नंतरच्या काळात ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकमधील कित्येक सुट्टीच्या ठिकाणी 'ज्यूंना प्रवेश नाही' अशा अर्थाच्या पाट्या होत्या. म्हणून क्वेबेकच्या लॉरेन्शियन डोंगरात, सँत-आगात गावी, ज्यू कुटुंबांनी स्वतःची विश्रामगृहे काढली.

कायदाही पाठीशी नव्हता. 1936 च्या जुलैत मॉन्ट्रियलच्या एका पिठ्यात फ्रेड क्रिस्टी या कृष्णवर्णीय गृहस्थांना बिअर नाकारण्यात आली. ते कोर्टात गेले. 1939 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की क्रिस्टी हे जेवण मागणारे प्रवासी नव्हते आणि पिठा म्हणजे उपाहारगृह नव्हे. तेव्हा मालकाला नकार देण्याची मोकळीक आहे.

1944 मध्ये ऑन्टॅरिओने भेदभावाच्या पाट्यांवर बंदी घातली. पाटी उतरली, पण दार बंदच! ड्रेस्डेन गावात कृष्णवर्णीयांना जेवण नाकारले जाई. तेथील सुतार ह्यू बर्नेट यांनी लढा उभारला. 1949 मध्ये गावाने मतदान घेतले, तर भेदभाव थांबवण्याच्या बाजूने 108 आणि विरुद्ध 517 मते पडली. तरी ते थांबले नाहीत. ज्यू लेबर कमिटीचे कार्यकर्ते त्यांच्या मदतीला आले आणि 1954 मध्ये प्रांताने हॉटेल-उपाहारगृहांत असा नकार देणे बेकायदा ठरवले.

ज्यूंनी दुसऱ्याच्या पानासाठी का झगडावे? कारण पाटी त्यांनी स्वतः वाचली होती. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. इस्राएलात आल्यावर आपल्याही लग्नांच्या दारात रब्बीखात्याने शंका उभी केली होती. आपल्या लोकांनी सत्याग्रह केला, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये आपण सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहोत असे क्नेसेटने जाहीर केले. दारात थांबवलेल्या माणसाचे मन कसे होते, हे आपण जाणतो.

आब्राहाम बाबांचा तंबू चारही बाजूंनी उघडा असे, असे आपले वडील सांगत. आलेले तीन पाहुणे कोण, कुठले, हे न विचारता त्यांनी आधी पाय धुवायला पाणी आणि मग भाकर पुढे केली. कोकणातल्या आपल्या घरांतही हीच रीत होती. तेव्हा नातवंडे इनमध्ये नेतील तेव्हा आनंदाने जावे, आणि जेवण येईपर्यंत त्यांना या दाराची गोष्ट सांगावी.