जुन्या गणकयंत्रांचा क्रयविक्रय व संग्रह

१९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार वस्तू पुराणवस्तू ठरण्यास सामान्यतः १०० वर्षे व हस्तलिखितास ७५ वर्षे पुरी व्हावी लागतात. त्या व्याख्येत विज्ञानाची साक्ष देणाऱ्या वस्तूही येतात. परंतु १९८२ साली बाजारात आलेले गणकयंत्र २०८२ पूर्वी तिच्या कक्षेत येणार नाही. तोवर त्यास स्पष्टपणे लागू पडणारा नियम एकच, तो म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून अंमलात असलेला ई-कचऱ्याचा. अशा स्थितीत या यंत्रांचे रक्षण बव्हंशी खाजगी संग्राहकांवर, म्हणजे पर्यायाने बाजारावर, येऊन पडले आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता याचे बोलके उदाहरण ‘डीबी स्पेक्ट्रम’ हे होय. इंग्लंडातील सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणले. १९८४ साली त्याची स्पेक्ट्रम प्लस ही सुधारित आवृत्ती निघाली. तीच पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्या दशकाच्या उत्तरार्धात परवान्याने भारतात विकली. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आज्ञावली साध्या ध्वनिफितीवर साठवायची आणि पडदा म्हणून घरचाच दूरचित्रवाणी संच जोडायचा. म्हणून असे यंत्र चालते ठेवू पाहणाऱ्यास त्या काळचा काचनळीचा संचही शोधावा लागतो. छत्रपती संभाजीनगराजवळ पैठण रस्त्यावर चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, तोही याच काळातला. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तिचे जुने संच भंगारात जातात, आणि संग्राहकास यंत्र मिळाले तरी पडदा मिळत नाही, असा विचित्र प्रसंग ओढवतो.

या व्यवहाराचे स्थान जुन्या बाजारातून संगणकजालावर सरकले त्यासही आता दोन तपे लोटली. मुंबईत २००० साली सुरू झालेले बाझी हे लिलावस्थळ २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबेने विकत घेतले. त्याची भारतीय शाखा ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली आणि तिच्यावरील विक्रीची पाने दृष्टीआड झाली. मूळ ६६६.६६ डॉलरचे ॲपल-१ यंत्र २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरना गेले, याचे कौतुक सर्वत्र झाले. ते घेणारे हेन्री फोर्ड संग्रहालय होते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. सामान्य यंत्राचे भवितव्य दोन गिऱ्हाइकांच्या दरम्यान ठरते. भंगारवाला वजन पाहतो आणि जुन्या चकत्यांवरील सोन्याचा मुलामा हेरतो. संग्राहक मूळ खोका, माहितीपुस्तिका व कळफलक पाहतो. विक्रेत्याचे ‘तपासलेले नाही’ हे शब्द अनुभवी माणूस ‘बंद आहे’ असेच वाचतो. असे यंत्र हाती आल्यावर तो प्रथम वीज जोडीत नाही. फुगलेली धारित्रे व गळके विद्युत्‌घट आधी पाहतो, कारण गळलेल्या द्रावाने तांब्याच्या रेषा खाल्ल्या असतील तर यंत्राचा केवळ सांगाडा उरतो.

तरीही खरी हानी यंत्र बिघडण्याची नव्हे. भोकरदन येथे १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी संयुक्तपणे उत्खनन केले. तेथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीच्या तुकड्याची तुलना पाँपेई येथील मूर्तीशी करता आली, ती दोन्ही वस्तू कोठे सापडल्या हे निश्चित ठाऊक होते म्हणूनच. तीच मूर्ती सराफ्यात हाती लागली असती तर केवळ एक सुबक नग ठरली असती. गणकयंत्राच्या बाबतीत मूळ मालक बहुधा हयात असतो. ते कोणत्या शाळेत होते, कोणत्या दुकानाचे हिशेब त्यावर झाले, हे एका पत्राने कळू शकते. परंतु विक्रीच्या पानावर किंमत व छायाचित्र यांपलीकडे सहसा काही नसते. यंत्राबरोबर आलेल्या, हाताने नावे लिहिलेल्या ध्वनिफिती विक्रेता अनेकदा निरुपयोगी समजून टाकून देतो. यंत्राच्या प्रती हजारोंनी निघाल्या होत्या. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः रचलेली आज्ञावली मात्र त्या एकाच फितीवर असते, आणि फितीवरील चुंबकीय थर दरवर्षी झिजतो आहे.