पगारपत्रकातील दुष्काळ



गेल्या वर्षी पगाराच्या दिवशी एका कारखान्याच्या दाराशी एका तरुण कामगाराने आपले पगारपत्रक आमच्यापुढे धरले आणि विचारले, "अण्णा, फंड समजला, विमा समजला, पण हे व्यवसाय कराचे दोनशे रुपये सरकार कशापायी कापते?" मुलगा शिकलेला, पदविका घेतलेला. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे काय ते वाचनालयात आणि संपाच्या मंडपात झाले. तरीही या एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा थोडा अधिकार आहे, कारण त्या दोनशे रुपयांच्या मागे आमच्या मातोश्री उभ्या आहेत.

१९७२ साली आम्ही दोन वर्षांचे होतो. माणदेशातले आमचे गाव. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. मातोश्री रस्त्याच्या कामावर खडी फोडीत आणि आम्ही बाभळीला बांधलेल्या झोळीत असू. हे आम्हांस आठवत नाही, सांगून सांगून डोळ्यांसमोर उभे राहिले आहे. हातोडी उलटून अंगठा ठेचला ती खूण त्यांच्या हातावर शेवटपर्यंत होती. मात्र त्या बोलत त्या अंगठ्याबद्दल नव्हे. खडीचा ब्रास मोजताना मुकादम टेप कशी सैल धरी, त्याबद्दल. कामगार चळवळीचा पहिला धडा आम्हांस त्या टेपने दिला.

दुष्काळ म्हणजे धान्य नसणे, अशी आपली साधी समजूत असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १९४३ साली बंगालात सुमारे तीस लाख माणसे गेली असे मानले जाते. पण बंगालात धान्य अजिबात नव्हते असे नाही. युद्धामुळे भाव चढले, आणि भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांची कमाई त्या भावाला पुरेना. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच विस्ताराने मांडले. धान्य कोठारात असू शकते. प्रश्न असतो तो ते विकत घेण्याचे बळ कोणाच्या हातात आहे हा. आमच्यासारख्याच्या भाषेत सांगायचे तर दुष्काळ हा पुष्कळ अंशी मजुरीचा प्रश्न आहे. आणि मजुरीचा प्रश्न म्हटला की तेथे भांडण आलेच.

हे भांडण आपल्या प्रांतात फार जुने आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आवरण्यासाठी असा हिशेब बसवला, की सरकारी कामावरच्या माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे एवढे पुरे. एक रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यावर दिवसभर माती उपसायची. शिवाय लोकांना गावाजवळच्या कामांवरून उठवून दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचा हुकूम सुटला. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो दुष्काळी मजुरांनी कामावर जाण्यास नकार दिला. पोटात अन्न नसताना केलेला हा संप होता. त्या काळी या देशात कामगार संघटना हा शब्दही रुळला नव्हता. पुढारी नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही; तरी माणसे एकजुटीने घरी बसली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या सभेने, गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. १८९६ साली टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना दुष्काळी कायद्यातील त्यांचे हक्क समजावून सांगितले ती याच मार्गावरची पुढची पायरी. गिरणी कामगारांच्या इतिहासावर आम्ही बरेच वाचले. पण या १८७७ च्या संपाला आमच्या चळवळीने आपल्या वंशावळीत जागा दिल्याचे फारसे दिसले नाही. ही आमचीच चूक.

दुष्काळी संहिता आली ती १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर. दुष्काळ जाहीर झाला की कामे काढावीत, मजुरी द्यावी, अपंगांना शिधा द्यावा, असे त्यात होते. त्रुटी एवढीच, की दुष्काळ 'जाहीर' करणे सरकारच्या हाती. बंगालात १९४३ साली तो जाहीरच केला गेला नाही.

आता १९७२ कडे वळू. त्या साली महाराष्ट्राचे अन्नधान्य उत्पादन काही वर्षांपूर्वीच्या निम्म्याच्याही खाली गेले. हरितक्रांतीचा बोलबाला तेव्हा सुरू झाला होता, पण ती पाण्याखालच्या गव्हाची क्रांती. आमच्या कोरडवाहू ज्वारीच्या रानात ती पोचली नव्हती. रेशनवर लाल मिलो आली. तिची भाकरी धड थापता येत नसे आणि ती उतरतही नसे, पण लोकांनी खाल्ली. मुलांना सुकडी मिळे. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्या पुढारीपणाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. खेड्यांत रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांची कामे निघाली आणि मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यांत बायकांची संख्या मोठी. लाल निशाण पक्षाचे दत्ता देशमुख आणि इतर डाव्या कार्यकर्त्यांनी या मजुरांना संघटित केले, मोर्चे निघाले, मजुरीवरून आणि मापावरून भांडणे झाली. गुरे मेली, भांडी गहाण पडली, माणसे वाळली. तरी बंगालसारखा संहार झाला नाही. आठवड्याच्या आठवड्याला मजुरी हातात पडली, की धान्य बाजारातून, रेशनमधून, प्रांताच्या हद्दीवरची बंदी चुकवूनसुद्धा, तिच्या मागे मागे आले.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात त्याआधीपासून एक कल्पना घोळत होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला होता. दुष्काळ जाहीर होण्याची वाट का पाहावी? खेड्यातल्या ज्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम हवे असेल, त्याने मागताच ते द्यावे. रोजगार हमी योजना या नावाने ती १९७२ साली सुरू झाली. दुष्काळाच्या धामधुमीत मागे पडली आणि नंतर पुन्हा उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता. भत्ता नाममात्र होता हे खरे. पण सरकारच्या मेहेरबानीचे काम आणि कायद्याने मागायचे काम यांत केवढे अंतर आहे, ते ज्याने कधी मुकादमापुढे हात जोडले आहेत त्यालाच कळेल.

या हमीसाठी पैसा हवा. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्याकडून तो घ्यायचा, त्यात मोटारी, विक्री आणि बागायत यांवरील जादा करांची भर घालायची, आणि जेवढा पैसा जमेल तेवढाच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचा. शहरवाल्यांनी हे उदार मनाने स्वीकारले असे आम्ही म्हणणार नाही. खेड्यात काम मिळाले तर माणसांचे लोंढे मुंबईस येणार नाहीत, हा हिशेबही त्यामागे होता; आणि पाझर तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीस लागे तो सहसा मजूर नसे, जमीनवाला असे. पुढे १९९० पासून फळबागांची लागवडही या योजनेला जोडली गेली. मजुराच्या हक्काच्या पैशावर जमीनवाल्याच्या बागा किती फुलल्या, यावर निराळे व्याख्यान होईल. तरीही २००५ साली दिल्लीत ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव पुढे ठेवला गेला.

हे सारे आम्ही त्या तरुणाला दाराशी उभ्या उभ्या सांगितले. अर्थात इतके लांबण लावून नव्हे. त्याने पगारपत्रक पुन्हा पाहिले आणि विचारले, "अण्णा, मग आज ते पैसे सगळे तिकडेच जातात का?" आम्ही सांगितले, की कराची जमा आणि योजनेवरचा खर्च यांचा मेळ वर्षानुवर्षे राहिला नाही, १९९० नंतर तर जमा पुढे आणि खर्च मागे असेच चालले.

"म्हणजे टेप सैल धरली," तो म्हणाला. इतक्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि तो आत गेला.