दोन इंच गादीची गोष्ट

लांबच्या आगगाडीच्या प्रवासावर जीव टाकणाऱ्या माणसांची एक स्वतंत्र जात असते. ही माणसं रेल्वेचं वेळापत्रक कादंबरीसारखं वाचतात आणि पाहुण्यांना 'कसे आहात?' असं विचारण्याऐवजी 'कुठल्या गाडीनं आलात?' असं विचारतात. त्यांना विचारा, हे प्रेम जडलं कसं? लगेच ती खिडकीतली शेतं, नद्यांवरचे पूल, रात्रीची शिट्टी असलं काहीतरी सांगू लागतील. विश्वास ठेवू नका. आगगाडीवरचं प्रेम डोळ्यांतून आत शिरत नाही, ते पाठीतून शिरतं. हा शोध माझा स्वतःचा आहे आणि तो मी नगर जिल्ह्यात लावलेला आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पण 'नगर' दोन्ही नावांत शाबूत असल्यामुळे आम्हां जुन्या लोकांच्या तोंडाची फारशी अडचण झालेली नाही.)

शोध म्हटला की त्याला इतिहास आलाच. तेव्हा थोडा इतिहास सोसा.

आगगाडी येण्यापूर्वीही आपली माणसं लांबचा प्रवास करीत, पण त्यावर प्रेम करण्याइतकं त्राण कुणाच्या अंगात उरत नसावं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते पायी. वाटेत त्यांना बंडाच्या धामधुमीनं गाठलं, लुटालूट पाहावी लागली, जिवावरचे प्रसंग आले. 'माझा प्रवास' हे त्यांचं पुस्तक आपण आज आवडीनं वाचतो, पण त्यात पुन्हा एकदा निघावं असं म्हणण्याजोगं फारसं काही नाही. काशीला जाणारा माणूस तेव्हा घरच्यांचा निरोप घ्यायचा तो शेवटचा समजूनच. परत आला तर मावंदं, नाही आला तर मोक्ष!

१८७० साली जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि मोक्षाची तिकिटं खिडकीवर मिळू लागली. आमच्या नगरला त्यासाठी आणखी आठ वर्षं थांबावं लागलं. दौंड–मनमाड हा सुमारे १४५ मैलांचा रस्ता १८७८ साली सुरू झाला. भीमेपासून गोदावरीपर्यंत जिल्हा उभा कापत तो जातो. वाटेत मुळा आणि प्रवराही ओलांडतो. पण त्याची खरी हकीकत नद्यांची नाही, कोरड्या जमिनीची आहे. १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ. या रस्त्याचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून झालं. म्हणजे आम्ही ज्या भरावावरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात गेलो, तो अर्धपोटी माणसांनी पाट्या वाहून घातलेला होता. विनोदी लेखात हे सांगू नये म्हणतात. पण डबा उघडताना ते मला आठवतं, त्याला मी काय करू?

या रस्त्याला स्वभाव मात्र गमतीदार लाभला. बेलापूर स्टेशनावर उतरावं तर समोर श्रीरामपूर, आणि बेलापूर गाव निराळंच. स्टेशनाभोवती पेठ वाढली, तिचं श्रीरामपूर झालं आणि स्टेशन आपलं नाव सोडीना. पुणतांब्याला चांगदेवांची समाधी. चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याच्या सान्निध्यात गाडीची वाट पाहण्याचं काही वाटत नाही. कोपरगावला शिर्डीचे भक्त उतरत आणि टांग्यांची एकच झुंबड उडे. रस्ता एकेरी, त्यामुळे समोरून गाडी यायची असली की आपली गाडी कुठल्या तरी आडस्टेशनावर उभी. लहानपणी मला वाटे की गाडी ही मुख्यतः उभी राहण्याची वस्तू आहे, मधूनमधून ती चालते इतकंच.

नगरला आगगाडीनं आलेली सगळ्यांत थोर पाहुणेमंडळी मात्र तिकीट न काढता आली. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेल्या काँग्रेसच्या पुढाऱ्यांना खास गाडीनं आणलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतलं आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे मंडळी नगरच्या किल्ल्यात आली. नेहरू तिथं २८ मार्च १९४५ पर्यंत राहिले आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून मोकळे झाले. आम्ही जन्मभर नगरात राहिलो, आमच्या हातून वाण्याची यादी सोडून काही लिहून झालं नाही.

त्याच बेचाळीसच्या चळवळीत अठरा वर्षांचा एक तरुण होता. जन्म नगरचाच, २१ जानेवारी १९२४ चा. नाव मधू दंडवते. माझ्या शोधाचा नायक हाच. पण त्याला अजून अवकाश आहे. आधी फळीबद्दल बोलू.

फळी म्हणजे तिसऱ्या वर्गाचं लाकडी बाक. या बाकावर बसून नागपूरला पोचलेल्या माणसाला निसर्ग आठवत नसे. मणक्यांची संख्या आठवत असे, कारण प्रत्येकाची स्वतंत्र ओळख झालेली असे. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर १९१७ सालीच लिहून ठेवलं होतं. पुढं देश स्वतंत्र झाला, फळी तशीच. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. आम्हांला आनंद झाला. डब्यात जाऊन पाहतो तो पाटी बदललेली, फळी तीच! बिनश्रमाची बढती मिळाली, पगार मात्र जुनाच.

माझ्या आईचं माहेर नागपूर. मनमाडला गाडी बदलायची आणि भुसावळवरून रात्रभर फळी. एके वर्षी न्हाणीघरात पाय घसरून ती पडली आणि तिच्या कमरेनं कायमचा असहकार पुकारला. डॉक्टर म्हणाले, कठीण बाकावर रात्र काढायची नाही. पहिल्या वर्गाचं तिकीट अण्णांच्या पगारात बसणारं नव्हतं. झालं, माहेर बंद. चार वर्षं आजीची पत्रं येत. 'कधी येतेस?' यापलीकडे त्यांत काही नसे. आई उत्तर लिही, 'यंदा मुलांच्या परीक्षा आहेत.' आमच्या परीक्षा तेव्हा बारमाही असत. आम्ही दोघं भावंडं नापास झालो असतो तरी आईला बरंच वाटलं असतं, पत्रात खरं लिहिल्यासारखं झालं असतं.

मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि प्राध्यापक मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. हे गृहस्थ पदार्थविज्ञान शिकवणारे. कठीण वस्तू आणि मऊ शरीर यांचा बराच वेळ संपर्क आला की काय होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम घालायचं ठरवलं. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्याला वर उचलायचं, असा सरळ हिशेब. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस निघाली. वर्गभेद नसलेली गाडी, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे आणि फळीवर गादी. पुढं ऐंशीच्या दशकात ही गादी हळूहळू लांब पल्ल्याच्या गाड्यांतून पसरली. समाजवादावर आपल्याकडे पुष्कळ पुस्तकं निघाली, पण जाडी मोजता येईल असा समाजवाद मी तेवढाच पाहिला. दोन इंच.

१९८० च्या उन्हाळ्यात अण्णांना कचेरीत कुणीतरी ही बातमी सांगितली. त्यांनी तिकिटं काढली. आईला विश्वास वाटेना. तिनं घरातल्या दोन गोधड्या आणि एक चादर वळकटीत बांधलीच. मनमाडला रात्री गाडी आली. आम्ही डब्यात चढलो, आईनं बाकाकडे पाहिलं आणि ती फिरकीचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो, हा पहिला वर्ग दिसतोय. उतरा, उतरा."

"अगं दुसराच आहे. बैस."

"काहीतरीच! गादी आहे ही. उद्या दंड भरायला लागला म्हणजे?"

गाडी सुटली तरी आई उभीच. शेजारच्या बाई सरकून जागा देऊ लागल्या, तरी उभीच. शेवटी तिकीट तपासनीस आले. आईनं त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हाच. ते हसले नाहीत. म्हणाले, "बसा माई. तुमचीच आहे."

मग ती बसली. अगदी कडेवर, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी. हळूच अंगठ्यानं गादी दाबून पाहिली. नांदगाव गेल्यावर थोडी मागं सरकली. चाळीसगावला तिला झोप लागली. वळकटी बांधलेली तशीच नागपूरला उतरली.

आजी त्यानंतर दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत आई तीनदा जाऊन आली. आम्हांला परीक्षा होत्याच, पण त्या आता फक्त शाळेच्या असत. आणि नागपूर किती लांब, असं कुणी विचारलं की पूर्वी 'फार लांब हो' म्हणणारी आई म्हणू लागली, "लांब कसलं? गाडीत बसलं की झोपावं, उठलं की नागपूर." पुढं तर तीही खिडकीतली शेतं, पूल आणि शिट्टी यांचं वर्णन करायला लागली. तेव्हाच मला माझा शोध लागला.

दंडवते २००५ साली गेले. जाताना देहदान करून गेले. म्हणजे शेवटी पाठसुद्धा लोकांनाच देऊन टाकली.

हल्ली मुलं मला वातानुकूलित डब्यात बसवतात. तिथं सगळं असतं, उशी, चादर, पडदा. तरी मी जागेवर बसण्याआधी अंगठ्यानं गादी दाबून पाहतोच. मुलं म्हणतात, "बाबा, लोक बघताहेत." बघू देत. आमच्या घरात गादीवर बसण्याची ती रीतच आहे.