सॅव्हेजचा लोखंडी पूल: एक सळई तुटली तर?

१/ अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, सॅव्हेज या गिरणीच्या गावी, लिटल पटक्सेंट ही लहानशी नदी वाहते. तिच्यावरील जुना लोखंडी रेल्वेपूल हा बॉलमन पद्धतीचा आज उरलेला एकमेव पूल होय. त्याचे महत्त्व आकारात नाही, त्यामागील विचारात आहे.

२/ रेल्वेच्या आरंभीच्या काळात लाकडी पूल कुजत आणि इंजिनाच्या ठिणग्यांनी पेटत. लोखंडाविषयीही धास्ती होती. मे १८४७ मध्ये इंग्लंडातील चेस्टर येथे डी नदीवरील पुलाची बिडाची तुळई गाडीखाली मोडली आणि पाच जण दगावले. बीड दाब सोसते. ताण पडला की मात्र पूर्वसूचना न देता तडकते.

३/ वेंडेल बॉलमन हा बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत सुतारकामातून वर आलेला, स्वयंशिक्षित अभियंता. त्याने कामाची वाटणी केली: दाब बिडावर, ताण घडीव लोखंडावर. या पद्धतीचा पहिला पूल १८५० मध्ये सॅव्हेज येथेच उभा राहिला; १८५२ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

४/ खरी युक्ती पुढे आहे. रुळांखालील प्रत्येक आडव्या तुळईला त्याने सळयांची स्वतंत्र जोडी दिली. या सळया थेट दोन्ही टोकांच्या खांबांच्या माथ्याला जोडलेल्या असत. त्यामुळे एक सळई तुटली तरी एकच तुळई खचे, सारा पूल कोसळत नसे.

५/ याचे मोल १८७६ च्या डिसेंबरात कळावे. ओहायोतील ॲश्टाबुला येथे निराळ्या रचनेचा लोखंडी पूल मोडला. गाडी नदीत कोसळून पेटली आणि सुमारे ९० माणसे मेली.

६/ बॉलमनच्या रचनेत उणीवही होती. जोडीतील सळया बहुधा असमान लांबीच्या. ऊन-थंडीत त्या कमीअधिक प्रसरण पावत आणि वारंवार जुळवाव्या लागत. इंजिने जड होत गेली, तसे हे पूल मुख्य मार्गांवरून हटले.

७/ आजचा पूल १८६९ मध्ये अन्यत्र बांधलेला. १८८७ मध्ये तो सॅव्हेजच्या कापडगिरणीकडे जाणाऱ्या फाट्यावर आणून बसवला. तेथे वाहतूक हलकी होती, म्हणून तो टिकला. बॉलमन १८८४ मध्येच वारला होता. १९६६ मध्ये अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने आपला पहिला ऐतिहासिक वारसा म्हणून याच पुलाची निवड केली.

८/ पद्धत कालबाह्य झाली, प्रश्न झाला नाही. एक भाग निकामी झाला तर त्याचा भार कोण पेलणार, हे आजही प्रत्येक पुलाच्या आराखड्यात विचारावेच लागते.